केवळाबाईंच्या हातावरचे डाग

“अंग माजं, डाग माज्या अंगावर, आन् मलाच ठाव न्हाई त्यो कवा पडला. मग चार मान्सांत इचारलं तवा म्या काय म्हनायला पायजे व्हतं?”

केवळाबाईंनी हा प्रश्न मला विचारला तेव्हा त्या आपल्या घराच्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि दोन्ही हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते. पुढे त्यांचा मुलगा मल्हार, मुलगी सविता आणि पिंगळीला राहणारे सिताराम यांच्याशी मी निरनिराळ्या वेळी बोललो. जे घडले त्याचा क्रम त्यातून लागला. प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

देवगाव फाट्यावरून आत गेलेल्या एका गावात केवळाबाईंचे घर आहे. घर धनगराचे, मेंढरे, थोडी कोरडवाहू जमीन आणि हंगामात मिळेल ती मजुरी. लग्न होऊन आल्यापासून केवळाबाईंचे बहुतेक आयुष्य मेंढरांमागे उघड्यावर गेले. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. डोक्यावर पदर असे, कपाळ आणि मान झाकलेली असे. पण चोळीची बाही जिथे संपते तिथपासून बांगड्यांपर्यंतचा हात सगळी वर्षे उन्हात राहिला. नवरा वारल्यावर त्यांनी कळपामागे जाणे सोडले आणि काही हंगाम सेलूच्या जिनिंगमध्ये सरकी वेचण्याचे काम केले. तिथे कापसाची धूळ छातीत बसली आणि दमा लागला. बाजाराच्या गावच्या एका डॉक्टरने छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की श्वास मोकळा होई. आधी दम लागेल तेव्हा, मग रोज, अशी ती गोळी चालू राहिली. कुणी थांबव म्हटले नाही, आणि ती घेतल्याने आणखी काय काय होते हेही कुणी सांगितले नाही.

आपल्याकडे म्हाताऱ्या बाईच्या शरीराविषयी बोलण्याचे काही ठरलेले विषय आहेत. डोळ्यांसाठी शिबिरे होतात, गुडघ्यांसाठी तेले विकली जातात, दातांच्या कवळीवर विनोद होतात. कातडीविषयी मात्र कुणी बोलत नाही. ती सुरकुतली एवढेच पाहिले जाते आणि ते स्वाभाविक मानून सोडून दिले जाते. पाळी गेल्यानंतर बाईची कातडी आतून झपाट्याने विरत जाते, तिच्यातला ओलावा आणि ताण ओसरतो, खालच्या बारीक रक्तवाहिन्यांना धरून ठेवणारे अस्तर उरत नाही, ही माहिती ज्या घरात पोहोचायला हवी त्या घरात ती पोहोचत नाही. केवळाबाईंच्या बाबतीत वय, ऊन आणि गोळी या तिन्ही गोष्टी एकाच हातावर एकत्र आल्या होत्या.

हातावरचा हा बदल सर्वांत आधी दीपिकाच्या लक्षात आला. दीपिका ही मल्हारची बायको, पिंगळीच्या सिताराम यांची मुलगी. मल्हार कळप घेऊन गेला की घरात या दोघीच असत. केवळाबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे न्हाणीतून उठवायचे, बाजेवर बसवायचे, केस विंचरायचे, हे सगळे दीपिका करी. लग्नाला चार वर्षे होऊन मूल झाले नव्हते आणि भावकीत त्याची कुजबुज होती. सासू-सुनेमध्ये मात्र त्यावरून कधी शब्द झाला नाही. एकदा आंघोळीनंतर सासूचे अंग पुसताना दीपिकाला कोपराखाली रुपयाएवढा जांभळा डाग दिसला. दोन दिवसांनी त्याच्या शेजारी आणखी एक.

“आत्या, कुटं धडकलाव का?”

“न्हाई ग. असंल कवा तरी.”

“तुमच्या हाताला हात लावायचं भ्या वाटायलंय मला. पिकल्या टमाट्यावानी झालाय.”

“टमाटं बाजारात इकतंय तरी. मला कोन घेतंय?”

दोघी हसल्या. पण दीपिकाने त्या दिवसापासून अंग घासायची घासणी न्हाणीतून काढून टाकली. पाणी कोमट करून ती नुसत्या हाताने अंग धुई आणि ओल्या अंगावरच करडईचे तेल चोळण्याऐवजी हलके टिपून लावी. तरी डाग पडतच राहिले. जुने विरून तपकिरी होत, नवे उमटत. मग तिने एका मऊ झालेल्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि सासूचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत सैलसर गुंडाळून ठेवले. हात बाजेच्या कडेला लागला, दाराला घासला, तरी कातडी वाचावी एवढाच तिचा हेतू. केवळाबाईंना ते पटले, आणि त्यांनी स्वतःचे एक कारण त्यात घातले.

“झाकलेलंच बरं. लोकायला काय, डाग दिसला की सून बगत न्हाई म्हनतेल.”

डाग झाकलेले राहिले, आणि गावात कुणालाच त्यांची खबर नव्हती.

२०२१ च्या श्रावणात पंचमीसाठी सविता माहेरी आली. ती जिंतूरच्या बाजूला दिलेली. करोनामुळे आदल्या वर्षी तिला येता आले नव्हते. मल्हारही त्या वर्षी उशिरा, नुकताच कळप घेऊन परतला होता. आईचा चेहरा सुजल्यासारखा गोल झालेला आणि हात गुंडाळलेले पाहून सविता दारातच थबकली.

“माय, हे काय बांदलंय?”

“काय न्हाई ग. लागलं व्हतं.”

दुखण्याची चौकशी टाळायला बायका हेच उत्तर देतात, आणि केवळाबाईंनीही ते सवयीने दिले. सविताने पट्टीचे टोक धरून ओढले. तेल वाळून कापड कातडीला चिकटले होते. पट्टीबरोबर कातडीचा एक तुकडा कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून आला आणि केवळाबाई ओरडल्या. रक्त आले. पट्टी पूर्ण सुटली तेव्हा दंडाखालपर्यंत पसरलेले जांभळे डाग उजेडात दिसले. स्वयंपाकघरातून दीपिका पिठाच्या हाताने धावत आली.

“वन्स, आसं वडू नका, भिजवून काडावं लागतंय!”

“भिजवून काडतीस? म्हंजी तूच बांदलंस तर. कशाला झाकलं ग?”

दीपिका सांगू लागली, पण सविताचे ऐकणे तिथेच संपले होते. तिने काकांना बोलावून घेतले.

काका म्हणजे बिरू, केवळाबाईंचे धाकटे दीर. भावकीत त्यांच्या शब्दाला वजन आहे आणि त्याला कारणही आहे. चरणीला गेलेले मेंढरू मेले की कातडे सोलण्यासाठी बिरूंना बोलावतात. सोललेल्या कातड्याची आतली बाजू उन्हाकडे धरून ते जनावर कसे मेले ते सांगतात. रोगाने मेलेल्याचे कातडे वेगळे, विषारी पाल्याने मेलेल्याचे वेगळे. आणि जिथे काठी बसली असेल तिथे आतून रक्त साकळून जांभळा डाग धरतो. बाहेर लोकर असते, म्हणून मार झाकला जातो. आत तो झाकत नाही. कळपावरचे गडी बिरूंना यासाठीच वचकून असत. इतक्या वर्षांत त्यांचे निदान चुकल्याचे कुणाला आठवत नव्हते.

बिरूंनी भावजयीचा हात आपल्या तळव्यावर घेतला, दाराकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला.

“वैनी, हे काटीचं न्हाई. ही बोटं हायती. चार हिकडून, आंगठा तिकडून. धरून वडलंय.”

“मीच धरलं व्हतं,” दीपिका म्हणाली. “न्हानीतून उटवताना धरावंच लागतंय काका. त्यास्नी उटता येत न्हाई.”

“उटवताना एवडं?”

“मग तुमाला धरून दावू का? बगा तुमच्या हातावर डाग पडतोय का.”

दाराशी जमलेल्या बायकांत कुणीतरी हसले. त्या हसण्याने दीपिकाचे सगळे बिघडले. चुलतसासऱ्याला हात धरून दाखवते म्हणणारी सून, एवढेच त्या दिवशी गावात पसरले.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बिरूंनी जे पाहिले ते खोटे नव्हते. ती बोटेच होती आणि ती दीपिकाचीच होती. मेंढराच्या कातड्याच्या आत रक्त साकळायला जोराचा मार लागतो. ज्या हातावर अस्तरच उरलेले नाही, तिथे आधाराची पकड पुरते. बिरूंच्या विद्येत म्हाताऱ्या बाईची कातडी कधी आलीच नव्हती. मेंढरू तेवढे म्हातारे होईपर्यंत कुणी ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी बिरूंच्या अंगणात भावकी बसली. पिंगळीहून सिताराम यांना बोलावणे गेले होते. ते दुपारी पोहोचले. केवळाबाईंना मल्हारने उचलून आणून खुर्चीत बसवले. घरात त्यांनी मुलाला आणि मुलीला निक्षून सांगितले होते की आपल्याला कुणी मारले नाही. सविताचे म्हणणे असे की आई सुनेला भिऊन तसे बोलते; मल्हार बाहेर गेला की तिला राहायचे याच सुनेच्या हाताखाली आहे. या युक्तिवादाला उत्तर नसते. नाकारणे हाच त्यात पुरावा होतो.

म्हणून बिरूंनी त्यांना साध्या शब्दावर सोडले नाही. त्यांनी वहिनींच्या तळहातावर भंडारा ठेवला.

भंडाऱ्यावर बोलण्याची या घरांतली रीत कळपावरून आली आहे. मेंढरू मेले किंवा हरवले की गड्याच्या हातात हळदीचा भंडारा देऊन विचारतात, आणि त्याने डोळ्यांनी पाहिले तेवढेच बोलायचे असते. कयास सांगायचा नाही, कुणाची भलामण करायची नाही, ऐकलेले सांगायचे नाही. जे पाहिले नाही त्याविषयी पाहिले नाही असेच म्हणायचे. केवळाबाईंनी ही रीत लहानपणापासून पाळली होती.

“वैनी, हे डाग कशानं पडले?”

काही डाग त्यांना माहीत होते. न्हाणीतून उठताना दीपिकाचा हात जिथे असे तिथे ते होते. पण काही सकाळी उठल्यावर आपोआप दिसलेले होते, काही पाठीमागे कोपराजवळ, जे त्यांनी स्वतः कधी पाहिलेही नव्हते. झोपेत काय झाले, दम लागल्याच्या धांदलीत काय झाले, हे त्यांना खरोखर माहीत नव्हते. भंडारा हातात नसता तर त्या म्हणाल्या असत्या, माझ्या सुनेने केले नाही. भंडारा हातात होता.

“म्या बगितलं न्हाई,” त्या म्हणाल्या.

दीपिका खांबाजवळ उभी होती.

“आत्या, एवडंच?”

केवळाबाईंनी तळहात मिटला. सिताराम उठले, त्यांनी टोपी डोक्यावर नीट केली आणि मल्हारला म्हणाले, “पावनं, लेकीला घिऊन जातो. तुमचं काय ठरंल ते कळवा.” मल्हार खाली बघत राहिला. तो बोलला असता तर काय झाले असते, हा विचार त्याने नंतर पुष्कळ केला. मला त्याने तो बोलून दाखवला, आणि पुन्हा खाली पाहिले.

दीपिका गेल्यावर सविता आईजवळ राहिली. तिने पट्ट्या फेकून दिल्या, हात मोकळे ठेवले, आणि साबणाने स्वच्छ घासून आंघोळ घालू लागली. पट्टी ओढताना निघालेली जखम भरायला नको तितके दिवस लागले. सून गेली, आता डागही जातील, असे सगळे धरून चालले होते. ते गेले नाहीत. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी सविता आईला दूध पाजायला बसली आणि तिला आईच्या उजव्या हातावर चार बोटांचे ताजे ठसे दिसले. आदल्या संध्याकाळी केवळाबाई बाजेवरून घसरत असताना सविताने त्यांना तिथेच धरले होते. तिने आपला हात त्या ठशांवर ठेवून पाहिला. दूध बाजूला ठेवून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. परत आत यायला तिला दुपार झाली.

“माय, हे माजं हाय ग.”

“असू दे,” केवळाबाई म्हणाल्या. “तू कुटं मारलंस?”

परभणीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी हात पाहिले, गोळ्यांचे रिकामे पाकीट पाहिले, आणि मल्हारला व सविताला समोर बसवून समजावले. वयाने, उन्हाने आणि वर्षानुवर्षांच्या या गोळीने कातडी इतकी पातळ होते की नुसत्या धरण्यानेही आत रक्त सांडते. मार नसतो, रक्ताचा रोग नसतो. चेहरा गोल झाला तोही या गोळीनेच. गोळी एकदम बंद करायची नाही. दम्याच्या डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करायची आणि श्वासाने ओढायचे औषध सुरू करायचे. साबण आणि घासणे बंद. आंघोळीनंतर अंग ओलसर असताना तेल किंवा साधे व्हॅसलीन लावायचे. लांब बाह्यांचे मऊ पोलके घालायचे. उठवताना मनगट किंवा दंड धरून ओढायचे नाही. काखेखाली पूर्ण तळवा देऊन उचलायचे. कातडी फाटली तर सुटलेला पापुद्रा तोडायचा नाही, ओल्या कापडाने जागेवर बसवायचा आणि वर चिकटपट्टी लावायची नाही.

मग त्यांनी विचारले, “आधी हात कुणी गुंडाळून ठेवायचं का? या भागाची कातडी जरा बरी राहिलीय. तेलही लावत होतं कुणीतरी.”

“व्हती एक जन,” सविता म्हणाली.

बिरूंना हे सांगितले तेव्हा त्यांनी ऐकून घेतले. “माज्या डोळ्याला बोटं दिसली, ती बोटंच व्हती,” एवढेच ते म्हणाले. दीपिकाला परत आणायला पिंगळीला यायला ते तयार झाले नाहीत. त्यानंतर कातडे पाहण्यासाठी कुणी बोलावले तरी ते जात नाहीत, असे मल्हार सांगतो.

केवळाबाई मात्र पिंगळीला गेल्या. दिवाळीनंतर मल्हारने कळप चुलतभावाच्या हवाली केला आणि आईला घेऊन सेलूहून रेल्वेने पिंगळीला उतरला. स्टेशनापासून घरापर्यंत त्याने तिला जवळजवळ उचलूनच नेले. सिताराम यांनी पाणी दिले, चहाही दिला. उणे बोलले नाहीत. दीपिका आतून आली आणि सासूसमोर जमिनीवर बसली. केवळाबाईंनी सांगायला सुरुवात केली, डॉक्टरबाई काय म्हणाल्या, डाग कसले होते, सविताचीही बोटे कशी उमटली. दीपिकाने सगळे ऐकले.

“दागदरीन बाईनं सांगितलं तवा पटलं,” ती म्हणाली. “आन् म्या सांगत व्हते तवा?”

“मला ठाव व्हतं ग दीपे. तू न्हाई केलंस हे मला ठाव व्हतं.”

“मग म्हनला कामून न्हाई?”

“भंडारा व्हता हातात.”

“व्हय. व्हता.” दीपिका म्हणाली. “आत्या, तुमी खोटं न्हाई बोललाव. माजं काय म्हननं न्हाई त्यावर. पन म्या रोज तुमचा हात हातात घेत व्हते, तवा तुमी माज्याकडं बगत व्हताव. ते बी डोळ्यानंच बगितलेलं व्हतं की.”

मल्हार म्हणाला, “चल घरी. झालं ते झालं.”

“तुमी त्या दिवशी बोललाव न्हाई,” दीपिका त्याला म्हणाली. “आता बोलायलाव, तर इथं ऐकायला भावकी कुटं हाय?”

अंगणात जे म्हटले गेले ते अंगणातच मागे घेतले जावे, ही तिची एवढी एकच अट होती. तिने ती शब्दांत मांडली नाही; सिताराम यांनी मांडली. भावकी पुन्हा बसवावी, आणि बिरूंनी चार माणसांत चुकलो म्हणावे. मल्हारने गावी येऊन बिरूंना दोनदा विनवले. बिरूंनी जे पाहिले ते पाहिलेच होते, आणि न पाहिलेल्याविषयी ते बोलणार नव्हते.

निघण्याआधी दीपिकाने सासूच्या बाह्या वर करून हात पाहिले. सविताने आणलेले पोलके कडक सुताचे होते. त्याची शिवण कातडीला घासत होती. तिने शिवणीची बाजू बाहेर येईल असे ते उलटे करून घातले आणि मल्हारला काखेखाली हात कसा द्यायचा ते एकदा करून दाखवले. मग ती आत गेली.

मी त्यांना भेटलो तेव्हा त्या ते पोलके तसेच, शिवण बाहेर ठेवून, घालत असत. सविता आळीपाळीने येऊन राही. एरवी मल्हार सगळे करी, आणि त्यासाठी त्याने कळपामागे जाणे सोडले होते. आपल्या तळहाताकडे पाहत त्या म्हणाल्या, “आमच्यात पदराखाली झाकून सगळं ठिवायची सवं. हात झाका म्हनलं त्ये मीच म्हनलं व्हतं. ती दावत फिरली असती तर बरं झालं असतं.”

गोळी कमी झाल्यावर नवे डाग थोडे कमी झाले. जुने तपकिरी व्रण राहिले. ते जात नाहीत, असे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितले होते.

मल्हार आणि दीपिका यांची फारकत डिसेंबर २०२२ मध्ये झाली, आणि मे २०२३ मध्ये दीपिकाचे दुसरे लग्न झाले.